उष्टं पाणी कुणाचं

अण्णा, गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, होसकोट्याच्या कारखान्यात भरल्या सभेत, तुमची अक्कल एका यंत्राच्या नावावर चढवली गेली. धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंग विभागाचं पाणी वाचलं म्हणून कंपनीला हरित संशोधनाची ढाल मिळाली. व्यवस्थापक म्हणाले, आमच्या एआयनं शोधलेला उपाय इतक्या वर्षांत एकाही माणसाला सुचला नव्हता. मी निवृत्त पाहुणी, दुसऱ्या रांगेत गुच्छ धरून बसलेली.

एकाही माणसाला नाही? त्याच विभागाचे फोरमन होतात तुम्ही. प्लेटिंग झालेले भाग एकामागून एक तीन टाक्यांत धुतले जायचे, आणि तिसरीतलं जवळजवळ स्वच्छ पाणीही गटारात जायचं. मला बसवनगुडीचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. मी कॉन्व्हेंटमधून आलेय, अर्धा भात टाकून उठतेय, आणि तुम्ही माझं ताट पुढे ओढता. मी नाक मुरडते. तुम्ही म्हणता, "घाण वेगळी, उष्टं वेगळं, बाई. लेकीचं उष्टं बापाला चालतं, मग तिसऱ्या टाकीचं पहिलीला का चालू नये?" दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या वहीत तुम्ही शेरा मारलात: शेवटच्या टाकीचं उष्टं पाणी मागे पाठवावं. तोही मराठीत, कारण साहेबांना वाचता येऊ नये ही तुमची जुनी खोड. तिथं चूक तुमचीच, ती मी माफ करणार नाही.

यंदा त्या सगळ्या वह्या यंत्राला वाचायला घातल्या. ते या एका शब्दावर अडलं. उष्टं म्हणजे घाण असं धरून त्यानं तुमचा शेरा बाद केला होता. मग, जुन्यांपैकी मराठी येणारी म्हणून, तिथल्या एका कानडी इंजिनिअर मुलीचा मला फोन आला, "मॅडम, स्वल्प सांगा ना, हा शब्द नेमका काय?" मी अर्धा तास समजावलं: वापरलेलं, पण घरच्यांना चालणारं. त्यानंतर यंत्राला उपाय सुचला. म्हणे सुचला.

तिनं अक्षर कुणाचं तेही विचारलं होतं. मी म्हटलं, असेल कुणी जुना फोरमन. तिथल्या प्रयोगशाळेत अधिकारी म्हणून इतकी वर्षं काढली, पण फोरमनची मुलगी आहे हे कुणाला कळू दिलं नाही. तीच सवय जिभेवर आली.

तुम्ही आता नाही, तेव्हा हे पत्र कुठे जायचं नाही. व्यवस्थापकांना वेगळं लिहिलंय, ते उद्या जाईल. त्यात आत्ता एक ओळ वाढवली: तो फोरमन माझे वडील, आणि हे लपवलं मी. त्याखाली शेवट तोच ठेवला: उपाय कुणाचा, ते येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावं. फोन केलात तर उचलणार नाही.