पापणी स्वतःच्या बोटानं धर

आई, तुला लिहायला बसले तर पहिलं हेच विचारायचंय, माझे डोळे बघताना तुला भीती वाटली नव्हती का गं?

मी अंबाजोगाईला मोठ्या दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेय. आत तुझी नात आहे. तू गेलीस तेव्हा ती पाळण्यात होती, आता तिलाच आठवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण, म्हणून केजला माझ्याकडं आली, आणि तिला कावीळ झाली. एरवी माणूस यातून महिन्या-दीड महिन्यात उठतो, पण शेवटच्या महिन्यांतल्या बाईला हा आजार कुठल्या कुठं नेऊन सोडतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. सरकारी केंद्रात डॉक्टर म्हणून सारा जन्म मीच लोकांना हे सांगत आले. आता तीच वेळ माझ्या लेकीवर आलीय, आणि मला धीर द्यायला तुझ्याशिवाय कुणी आठवत नाही.

यंदा पुन्हा तसाच दुष्काळ आहे. जनावरं छावणीत, नळ कोरडे, गल्लीत टँकर आला की भांडणं. महिन्याभरापूर्वी पोरीचं डोहाळजेवण केलं, तेव्हा प्यायचं पाणी मी स्वतः उकळलं, उकळून गाळलं. बायका हसल्या, म्हणाल्या, डॉक्टरीणबाईचं हे भलतंच सोवळं! आणि पन्ह्यात घालायला बर्फ मात्र बाजारातनं आला. तो कुठल्या पाण्याचा, हे मी विचारलं का? नाही विचारलं. बर्फामुळंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, पोर प्रवासात कुठंही पाणी प्यायली असेल. पण दोन दिवस झाले, माझ्या डोळ्यांपुढून ते बर्फाचे खडे हलत नाहीत.

तुझा तो दुष्काळ आठवतो. नांदूरघाटच्या पलीकडं पाझर तलावाचं काम चालू होतं, माणसं-बाया खडी फोडायला, आणि सोसायटीच्या गोदामात सुकडीचं सरकारी खाणं वाटायचे. त्याच गोदामाच्या एका कोपऱ्यात नर्सबाईंचा, म्हणजे तुझा, दवाखाना. जुलाब, खरूज, आलेले डोळे, ताप, आणि ज्याला त्याला सुई पाहिजे. "सुईबिगर बरं कसं वाटंल, शिस्टर?" आणि तू म्हणायचीस, "तुला सुई न्हाई, मीठ-साखरंचं पाणी पाहिजे. सुई काय लाडू हाय का, मागंल त्याला वाटायला?" पण एखादी म्हणाली, की अन्न नको वाटतं, फोडणीचा वास सोसत नाही, की तू तिला हातातलं काम टाकून बाहेर काढायचीस. गोदामात पिवळा बल्ब होता. पिवळ्या उजेडात पिवळं दिसत नाही, असं तुझं म्हणणं. "दिसभर उन्हात खडी फोडतो, अन् ही बया परत उन्हातच हुभी करती," असं बायका कुरकुरायच्या. तू म्हणायचीस, "खाली पायाकडं बघ. पापणी सोताच्या बोटानं वर धर."

मला वाटायचं, ही नर्सिंगच्या शाळेत शिकवलेली रीत असेल. मग एकदा भाकरी थापता थापता तूच सांगितलंस. नवीन असताना एका गावात एका म्हातारीनं सुनेच्या डोळ्याला तुझं बोट लागू दिलं नव्हतं. "लांबूनच बघा बाई, आमच्यात न्हाई चालत." म्हणून तू सुनेलाच तिची पापणी वर धरायला लावलीस. त्या गावच्या विहिरीत औषध टाकायचं, तर तेही सोसायटीच्या शिपायाच्या हातानं, तू काठावरही यायचं नाही. पाणी शुद्ध करणार तू, आणि विटाळ तुझाच! मी संतापानं लाल झाले. तू भाकर उलटलीस आणि म्हणालीस, "तिच्या सुनेची कावीळ दिसली ना मला? मग झालं तर." मला ते कधीच 'झालं तर' वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्याच दुष्काळाच्या उन्हाळ्यात मी आजारी पडले. सातवीत होते. ताटातली भाकर ढकलून दिली, तशी तू मला दंडाला धरून अंगणात नेलंस. "पायाकडं बघ. पापणी धर." मी तुझी सख्खी लेक, माझ्या डोळ्याला हात लावायला तुला कुणाची मनाई होती? तरी तू दोन्ही हात पदराखाली घेऊन उभी. एवढुसं तोंड झालं माझं. वाटलं, मीही हिला त्या रांगेतलीच एक. "कावीळ हाय," म्हणालीस, जसं काही कुणाच्या तरी घरचं सांगतीयेस. शेजारची काकू धावत आली, अमक्या गावात एक जण कावीळ उतरवतो, हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवतो, चला. "ते पिवळं चुन्याचं असतंय, माझ्या लेकीचं न्हाई," म्हणालीस, आणि तिला चहा पाजून वाटेला लावलंस. मग माझा तांब्या वेगळा, उकळलेलं पाणी, साबणानं हात, आणि खाटेवरून उतरलं की बोलणी. मी बरी झाले, पण ते पदराखालचे हात माझ्या मनातनं गेले नाहीत.

आता परवाचं ऐक. नात स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "मम्मी, फोडणी नको देऊ ना, लई मळमळतंय." माझा हात तिथंच थांबला. आणि मी काय करावं? तिच्या खोलीत गेले आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला! "ऊन लई आहे गं बाहेर, पड जरा." पित्त असेल म्हटलं. दिवस भरत आले की मळमळतंच कुणालाही, असं स्वतःलाच समजावत बसले. लघवी पिवळी होते का, हा प्रश्न मी आजवर किती बायांना विचारला असेल, पण पोटच्या पोरीला विचारायला जीभ उचलेना. दिवसभर त्या अंधारातच मी तिला सरबत नेऊन देत होते. दुसऱ्याची लेक असती तर तिच्या माणसांना फैलावर घेतलं असतं, कालच कावून न्हाई आणलं हिला म्हणून.

काल सकाळी तीच उठून बसली. "मम्मी, तू माझ्या तोंडाकडं बघायची थांबलीयेस. पडदा कावून ओढलास ते कळत नाही का मला? तुझ्याच दवाखान्यात लहानाची मोठी झालेय." आणि पोट सांभाळत जिना चढायला लागली. मी आपली मागं, "अगं हळू, अगं थांब." गच्चीवर ती उन्हात उभी राहिली, पायाकडं नजर टाकली, आणि कुणी न सांगता स्वतःच्या बोटानं पापणी वर धरली. "बघ आता."

पिवळे होते गं. हळदीचं बोट पुसल्यासारखे. मी हात पुढं केला, की पापणी आपणच नीट धरावी, पण तो असा थरथरत होता की पोरीच्या डोळ्यात नख गेलं असतं. मी तो पदराखाली घेतला. दुसराही घेतला. आणि तशी उभी असताना मला आपलं अंगण आठवलं. आई, तुझेही थरथरत होते का? मला दिसू नयेत म्हणून झाकले होतेस का? एवढी वर्षं मी तुझ्यावर उगीचच रुसून होते का गं?

तासाभरात जीप करून आम्ही इथं आलो. रक्त गोठतंय का, ते रोज तपासणार आहेत. आजचं ठीक आलंय, बाळाचे ठोकेही ठीक आहेत. उद्याचं कोण सांगणार? या आजाराला नेमकं असं औषध नाही, सलाईन, विश्रांती आणि राखण. गुंगी येते का, बोलण्यात चूक होते का, तेवढं बघत राहायचं. म्हणून मी सारखी आत जाऊन विचारते. आज वार कोणता, तू राहतेस कुठं. "मम्मी, आता परत विचारलंस ना, तर शेजारच्या खाटेवर तुलाच भरती करीन." ती चिडली, की माझा जीव भांड्यात पडतो.

मघाशी विचारलं, "आजीचं नाव काय?" तिनं डोळे मिटलेलेच ठेवून तुझं नाव सांगितलं, पूर्ण, आणि पुढं 'सिस्टर' लावून, जसं मी तिला गोष्टी सांगताना घ्यायचे. एका अक्षरालाही अडखळली नाही. मी बाहेर आले, बाकावर टेकले, आणि लगेच परत आत जाऊन तेच विचारलं. तिनं परत सांगितलं.

हा कागद कुठल्या पेटीत पडायचा नाही, म्हणून तुला सांगते. दुसऱ्यांदा विचारलं, ते ती शुद्धीवर आहे का हे बघायला नव्हतं. मला फार भीती वाटत होती, आणि तुला कुणीतरी हाक मारावी असं वाटलं.