शंभरातले एक्क्याण्णव

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज नोंद. सकाळी फिरायला जाणे. चहात साखर बंद. फिरणं उद्यापासून, बूट सापडले नाहीत.
अभ्यास पूर्ण झाला! लिव्हर बिघडलं की अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, फुटतात, माणूस रक्त ओकतो. असे माझे चव्वेचाळीस पेशंट. सहा आठवड्यांनी चाळीस जिवंत. म्हणजे शंभरातले एक्क्याण्णव. नदीपलीकडचं हॉस्पिटल पंचाहत्तरवर अडकलंय. परिषदेत त्यांची चांगली जिरवतो.

६ मार्च, गुरुवार
ओपीडीचा दिवस. वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या, तुमच्या वहीत कुणी मरत नाही, मग माझ्या वॉर्डात एवढ्या चादरी का बदलाव्या लागतात? बाईंना संशोधनातलं ओ की ठो कळत नाही. पेशंट स्वतःच्या पायांनी ओपीडीत आला, फॉर्मवर सही केली, की तो त्याचा पहिला दिवस. बेशुद्ध माणसाची सही कशी घेणार? पलीकडचे म्हणे नातेवाइकांची घेतात आणि पहिल्या उलटीच्या तासापासून मोजतात. हौस एकेकाची.
साखर दोन चमचे. सिस्टरांमुळे.

त्याच दिवशी, दुपारी ३
सात नंबरच्या खाटेवरचा माणूस ओपीडीच्या बाकावर दिसला. मांडीवर फाईल. गेल्या महिन्यात म्हणत होता, डॉक्टर, माझं नाव लिहा ना तुमच्या वहीत. मी म्हटलं, आधी बरे व्हा, ओपीडीत या, मग लिहू. दोन दिवसांत गेला बिचारा.
जवळ गेलो तर बाक रिकामा. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१३ मार्च, गुरुवार
नवीन चष्मा. आता जास्तच दिसतात. काही बाकावर, काही भिंतीला टेकून. सगळ्यांच्या हातात फायली. बोलत नाहीत, नंबर कधी लागतो तेवढं बघतात. मोजले, बावीस. शिपाई म्हणाला, सर, तिथे कुणीच नाही.
यापुढे मागच्या दाराने जायचं. तेवढंच चालणं होतं.
सिस्टरांनी भरतीचं रजिस्टर टेबलावर आपटलं. उघडलं नाही. वेळ कुठाय?

१६ मार्च, रविवार
दादाला रक्ताची उलटी. वहिनींचा फोन, पलीकडचं हॉस्पिटल जवळ पडतं, तिथे नेऊ का? म्हटलं, काहीतरीच काय वहिनी, तिथे पंचाहत्तर, आमच्याकडे एक्क्याण्णव! डोळे मिटून इकडे आणा.
आणलं. मला बघून दादाने अंगठा वर केला. लहानपणापासून माझ्या गणितावर त्याचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

१७ मार्च, सोमवार
दुर्बिणीतून शिरांना रबरबँड लावले. दुपारी पुन्हा रक्त. घाबरायचं कारण नाही.
सहज रजिस्टर उघडलं. रक्त ओकत आलेले सहासष्ट. ओपीडीपर्यंत पोचले चव्वेचाळीस. मधले बावीस वॉर्डातच गेले, ते माझ्या वहीत नाहीत. पहिल्या उलटीपासून मोजलं तर सहासष्टात चाळीस. एकसष्ट टक्के.
पाच वेळा केलं. कॅल्क्युलेटर जुना झालाय.
सिस्टरांना विचारलं, दादाला पलीकडे हलवता येईल का? म्हणाल्या, काल विचारलं असतंत तर.

१८ मार्च, मंगळवार
वहिनींनी विचारलं, एक्क्याण्णव ना हो भावजी? हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

१९ मार्च, बुधवार
सकाळी साडेनऊला दादा गेला. वॉर्डातल्या बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

२७ मार्च, गुरुवार
पुढच्या दाराने गेलो. तेवीस. दादा अगदी टोकाला, सात नंबरवाल्याला खेटून, मांडीवर फाईल. मला बघून त्याने अंगठा वर केला.
विभागप्रमुख मोठ्या सरांचा फोन. वाईट झालं म्हणाले. परिषद जवळ आली, आकड्यांवर काही परिणाम नाही ना? नाही म्हटलं. दादा ओपीडीपर्यंत आलाच नाही. सही नाही, नोंद नाही.
काल वहिनींनी विचारलं, तुमच्या त्या शंभरात हे कुठे होते, भावजी?
पुन्हा मोजलं. चव्वेचाळीसात चाळीस. एक्क्याण्णवच. दादाने माझं गणित कधी चुकू दिलं नाही.