न झालेल्या पुलाची पाटी

मी, नॉरिस एडविन थ्वेट, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा पितळी पाट्या कोरण्याचा, राहणार १४, फेरी रो, सँडरगेट, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, पोटभर न्याहारी करून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला विचारले, "सध्या पंतप्रधान कोण?" मी म्हणालो, "सकाळच्या बातम्यांपर्यंतचा सांगू का?" त्यांनी पुढे काही न विचारता सही केली.

यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. वकील मिस पेंडल यांनी या मजकुरातील खासगी शेरे गाळण्याचा सल्ला दिला आहे. जन्मभर मी लोकांची वाक्ये कोरली, आणि तीही अक्षरे मोजून. आता मला माझी वाक्ये लिहायची आहेत, म्हणून शेरे राहतील.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ग्लेनिस पॉटर हिने करावी. बाजारात तिचे किल्ल्या बनवण्याचे आणि बुटांच्या टाचा बसवण्याचे दुकान आहे. किल्ली चारला मिळेल असे ती म्हणाली की चारला मिळते. सँडरगेटमध्ये अशी दुसरी व्यक्ती माझ्या पाहण्यात नाही.

कलम २. माझ्या सर्व कोरण्या, लहान हातोडी, पाटी टेकवायची वाळू भरलेली चामड्याची उशी आणि भिंग हेही ग्लेनिसला द्यावे. कोरण्यांना तेल लावून ठेवावे. मोठी कोरणी डावीकडे ओढते, हे तिला सांगितलेले आहे.

कलम ३. पुलाच्या पाट्यांबद्दल.

आमच्या गावासमोर नदी अर्धा मैल रुंद आहे. पूर्वी आल्बन क्रॅगची होडी होती आणि पलीकडे जायला बारा मिनिटे लागत. २००५ साली लंडनच्या एका खात्याने पादचारी पूल जाहीर केला. खात्याचे नाव लिहीत नाही, कारण तेव्हापासून ते तीनदा बदलले आहे. पूल येणार म्हणून होडी बंद करण्यात आली. पूल येईना म्हणून आम्ही होडी परत मागितली, तर उत्तर आले की होडी सुरू केल्यास गावाला पूल नको असा चुकीचा संदेश जाईल. मी हे उत्तर तीनदा वाचले. त्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

उद्घाटनाची पाटी मात्र ताबडतोब सांगण्यात आली. निळ्या पक्षाचे असोत की लाल, पाटीच्या बाबतीत यांच्याकडून कधी दिरंगाई झाली नाही. २००५ ची पाटी कोरून झाली आणि ते मंत्री गेले. २००९ साली दुसरे आले, तेव्हा काटकसर म्हणून त्याच पाटीच्या मागच्या बाजूवर कोरायला सांगितले. ती पाटी आता दोन्ही बाजूंनी सुलट आहे. तिच्यावर मी गरम किटली ठेवतो.

तिसरा मजकूर २०१४ चा, नव्या पाटीवर. निवडणूक सहा महिन्यांवर आली होती. मंत्र्यांच्या कचेरीतून एका गृहस्थांचा फोन आला.

"मि. थ्वेट, नाव एवढ्यात कोरू नका."

"मग काय कोरू?"

"बाकी सगळं कोरा. 'यांच्या शुभहस्ते' वगैरे. नावाची जागा तेवढी मोकळी सोडा. तिथं दोन स्क्रू बसवा म्हणजे पट्टी बदलता येईल."

"आणि तारीख?"

"तिलाही स्क्रू बसवा ना."

त्याप्रमाणे मी बसवले. चारही स्क्रू उत्तम प्रतीचे आहेत. दोन्ही पाट्या ग्लेनिसने घ्याव्या आणि पितळ वितळवून किल्ल्या कराव्या, म्हणजे त्यांनी कधीतरी काहीतरी उघडेल.

कलम ४. आमच्या पूल समितीचे अध्यक्ष मि. पर्सिव्हल लाँगमायर यांना माझ्या रबरी बुटांपैकी डावा बूट द्यावा. एकोणीस वर्षे ते दर बैठकीत "प्रगती समाधानकारक आहे" असे सांगत आले. त्यांनी विचारल्यास सांगावे की उजवा बूट देण्यास मी संपूर्णपणे वचनबद्ध असून योग्य वेळी तो टप्प्याटप्प्याने देण्यात येईल. उजवा बूट जाळून टाकावा.

कलम ५. दारामागच्या खुंटीवर एक चमकदार पिवळे जॅकेट आहे. ते माझे नाही. २०१४ साली मंत्रिमहोदय फोटोसाठी नदीवर आले, पिवळे जॅकेट आणि हेल्मेट घालून त्यांनी चिखलाकडे बोट दाखवले, आणि जाताना जॅकेट कठड्यावर विसरले. परत न्यायला कोणी आले नाही.

पुढच्या वर्षी माझी बायको ऑड्री हिला अर्धांगाचा झटका आला. गावात सोय नव्हती, म्हणून तिला पलीकडच्या काठावर लार्चफील्ड नावाच्या शुश्रूषागृहात ठेवावे लागले. आमच्या काठावरून तिची खिडकी दिसते. रस्त्याने मात्र तेवीस मैलांचा वळसा आणि दोन बस. त्यातली एक बस पुढे रोजची बंद झाली आणि फक्त मंगळवारी येऊ लागली. तेव्हा मी मंगळवारी तिच्याजवळ बसत असे, आणि बाकीचे सहा दिवस दुपारी तीनला हे पिवळे जॅकेट घालून काठावर उभा राहत असे, म्हणजे तिला मी एवढ्या लांबून ओळखू येईन. मग फोन लावायचा.

"दिसतोय का?"

"दिसतोस. पोट सुटलंय तुझं. पूल कुठवर आला?"

"ईस्टरपर्यंत होईल म्हणतायत. झाला की चालत येतो चहाला."

"मग मी केस सेट करून घेते."

असे साडेचार वर्षे चालले. २०२० च्या जानेवारीत, एका बुधवारी, ती गेली. बातमी कळल्यावर मला तिच्यापर्यंत पोहोचायला साडेतीन तास लागले. एकोणीस वर्षांत सरकारकडून माझ्या पदरात पडलेली उपयोगाची वस्तू म्हणजे हे जॅकेट, म्हणून ते घालूनच मला पुरावे.

कलम ६. माझ्या मताबद्दल. १९७० पासून मी एकही मतदान चुकवले नाही. मागच्या उन्हाळ्यात लाल पक्षाचा एक तरतरीत उमेदवार दारात आला. त्याच्या आठवडाभर आधी निळ्या पक्षाची बाई येऊन गेली होती. दोघांचे बूट सारखेच स्वच्छ होते.

"आम्ही वेगळे आहोत, मि. थ्वेट," तो म्हणाला.

"मागचेही वेगळेच होते बाबा."

"तुमचा राग कळतो मला. तुम्हाला आमच्याकडून नक्की काय हवंय?"

"एक 'नाही' हवंय. पूल होणार नसेल तर इथं उभं राहून 'नाही होणार' म्हणा. मत तुम्हालाच देतो, आणि शेजारच्या चार घरांतलंही मिळवून देतो."

त्याने पायपुसण्यावर आपले स्वच्छ बूट पुन्हा पुसले. मग म्हणाला, "त्याबद्दल आम्ही लोकांशी सविस्तर चर्चा करणार आहोत."

मत मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही, असे मिस पेंडल सांगतात. येत असते तरी ते घ्यायला लायक माणूस मला सापडलेला नाही.

कलम ७. माझे घर विकून येणारी रक्कम आणि बँकेतली शिल्लक आमच्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षक होडीवाल्यांना द्यावी. ते सगळे बिनपगारी आहेत. हाक आली की निघतात आणि निघण्यापूर्वी निवेदन काढत नाहीत.

कलम ८. माझी एकुलती एक मुलगी रोझलिन हिला घरातले काहीही देऊ नये. हे मी चुकून लिहिलेले नाही.

पुलासाठी मी खात्याला एकतीस पत्रे लिहिली. प्रत्येकाला उत्तर आले, कारण उत्तर देणे हे तिकडे एक स्वतंत्र काम आहे. तिसाव्यापर्यंत सगळी उत्तरे एकाच साच्यातली होती. एकतिसावे २०१९ च्या ऑक्टोबरात आले. 'आपली कळकळ मंत्रिमहोदयांपर्यंत पोहोचली आहे. पूल उभारण्यास आम्ही संपूर्णपणे वचनबद्ध आहोत.' आणि खाली एक ओळ जास्त होती: 'थंडीत काठावर उभे राहताना कानटोपी घालावी.'

मी काठावर उभा राहतो हे मी कोणत्याही पत्रात लिहिले नव्हते. रोझलिन लंडनला सरकारी नोकरीत आहे एवढेच आम्हाला माहीत होते. मी तिला फोन केला.

"ही पत्रं तू लिहितेस?"

"बाबा, मला यावर बोलता येत नाही."

"एवढंच सांग. पूल होणार की नाही?"

 मग तिने तेच वाक्य म्हटले, पत्रातले, एक शब्द इकडचा तिकडे न करता. आईच्या खिडकीबद्दल, तिच्या केसांबद्दल सगळे ठाऊक असताना माझ्या पोटच्या मुलीने ते वाक्य मला ऐकवले. मी फोन ठेवला. ऑड्रीच्या दफनाला आम्ही खड्ड्याच्या दोन टोकांना उभे होतो, आणि तेव्हापासून बोललेलो नाही. तिला फक्त ती एकतीस उत्तरे द्यावी.

या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना यातून काडीचाही लाभ नाही असेच ते असावेत असा कायदा आहे. सरकारकडून काडीचाही लाभ न झालेली माणसे शोधायला मला गल्लीच्या बाहेर जावे लागले नाही.

सही: नॉरिस एडविन थ्वेट
साक्षीदार: आल्बन क्रॅग, बंद होडीचा नावाडी. विनिफ्रेड टायसन, निवृत्त पोस्टमनबाई.
सँडरगेट, दि. ४ नोव्हेंबर २०२४


पुरवणी

मी, वरीलच नॉरिस थ्वेट, शुद्धीत असून, वरील कलम ५, ७ आणि ८ बदलत आहे. कारण असे:

मंगळवार, दि. ११ फेब्रुवारी रोजी सकाळी दहाला रोझलिन दारात उभी राहिली. मी आत बोलावले नाही. तिने पायपुसण्यावर उभे राहूनच सांगितले.

"बाबा, पूल होणार नाही. फाइल २०१३ सालीच बंद झाली. मी स्वतः पाहिली. हे बाहेर सांगितलं तर नोकरी जाते, म्हणून आधी राजीनामा दिला आणि मग गाडीत बसले."

२०१३. म्हणजे स्क्रूवाली पाटी त्यांनी फाइल बंद केल्यावर वर्षभराने सांगितली होती. मला तोंडाला येईल ते बोलायचे होते, आणि मी बोललो. "आता सांगतेस? तुझी आई त्या खिडकीत वाट बघत बसली होती! तिला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलंत?"

"मला कुठं माहीत होतं?"

"बाबा, चाळीस वर्षं पाट्या कोरताय तुम्ही. नावाची जागा मोकळी सोडा म्हणाले तेव्हा तुम्हाला कळलं नाही?"

कळले होते. पूल होणार असता तर पाटीवर नाव घालायला मंत्र्यांची रांग लागली असती. पहिला स्क्रू बसवतानाच मला कळले होते. आणि ते कळून चुकल्यावर मी ऑड्रीला साडेचार वर्षे ईस्टरचा वायदा केला, कारण 'नाही' म्हटल्यावर फोनवर जी शांतता पसरली असती ती मला ऐकवली नसती. दर ईस्टरला तिने केस सेट करून घेतले. ती खरे मानत होती की मलाच सांभाळून घेत होती, हे आता कळायला मार्ग नाही.

मी रोझलिनला आत घेतले. चहा केला. किटली त्याच पाटीवर ठेवली. तिने किटली उचलून, पाटी उलटून दोन्ही मंत्री वाचले आणि एवढी हसली की तिला रडू आले. मग मलाही आले.

तरी घर, १४ फेरी रो, रोझलिनला बिनशर्त द्यावे. बँकेतली शिल्लक होडीवाल्यांकडेच राहू द्यावी. पिवळे जॅकेट माझ्याबरोबर पुरू नये. तेही रोझलिनला द्यावे, काठावर वारा फार असतो.

कपाटाच्या खालच्या खणात टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक नवी पाटी आहे. ती मी या महिन्यात स्वतः कोरली. मोठ्या कोरणीने खालची ओळ डावीकडे ओढली आहे, ती तशीच राहू द्यावी. होडीच्या धक्क्यावर आल्बनची जुनी शेड आहे, तिच्या नदीकडच्या भिंतीवर पाटी ठोकावी. आल्बनची हरकत नाही. नगरपालिकेची परवानगी मागू नये, मागितल्यास समिती नेमतील. अनावरणाला कोणत्याही रंगाच्या पक्षाचे कोणी बोलावू नये. तिच्यात एकही जागा मोकळी सोडलेली नाही आणि एकही स्क्रू बदलता येण्याजोगा नाही. मजकूर असा आहे:

येथे पूल झाला नाही आणि होणार नाही.
हे रोझलिन थ्वेट हिने ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सांगितले.
नॉरिस थ्वेट याला आधीपासून माहीत होते. त्याने आपल्या बायकोला सांगितले नाही.

सही: नॉरिस एडविन थ्वेट
साक्षीदार: आल्बन क्रॅग. विनिफ्रेड टायसन.
सँडरगेट, दि. २८ फेब्रुवारी २०२५, दुपारी तीन