अर्जातली आई

आई, तू कामाला होतीस तो बिबवेवाडीतला पुस्तक-बाइंडिंगचा कारखाना बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. त्या जागी मोबाइल दुरुस्तीची दोन दुकानं आहेत आणि वर एक जिम. परवा त्या रस्त्याने जाताना मी गाडी जरा हळू केली, तर मागच्याने लगेच हॉर्न दिला. मी पुढे गेले. तुला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुझ्याबद्दल लोकांशी पुष्कळ बोलले, तुझ्याशी मात्र काहीच बोलले नाही. बोलण्यासारखं एकच होतं आणि ते तुलाही माहीत होतं.

शाळा सुटली की मी घरी न जाता कारखान्यातच यायचे. बाबा गेल्यापासून घरी कुणी नसायचंच. पत्र्याच्या त्या लांब खोलीत तुम्ही सात-आठ जणी भिंतीला टेकून बसलेल्या, समोर छापून आलेल्या कागदांचे गठ्ठे, आणि स्टोव्हवर खळ शिजत असलेली. खळीत मोरचूद घालायचे, त्याचा वास तुझ्या पदराला कायम असायचा. मोठा छापील कागद घडी करून त्याची सोळा पानं करायची, तो एक फर्मा. असे फर्मे नंबराने लावायचे, मग शिवायचे. तू घडी करता करता वाचायचीस. वर्ध्याकडच्या तुझ्या गावात सातवीपर्यंत शिकलेली तू, आणि आयुष्यात तुझ्याएवढी पुस्तकं वाचलेली दुसरी बाई मी पाहिलेली नाही. फक्त ती सलग कधीच मिळायची नाहीत. तुझ्या वाट्याला आलेला फर्मा तिसरा असेल, तर तेहतीस ते अठ्ठेचाळीस एवढीच पानं तुझी. जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की तू तो फर्मा शेजारी कामाला बसणाऱ्या मावशीला मोठ्याने वाचून दाखवायचीस. मावशीला अक्षरओळख नव्हती. ती ऐकायची आणि विचारायची, "मग त्या पोरीचं लग्न झालं का त्याच्याशी?" तू कागद उलटून बघायचीस आणि म्हणायचीस, "ते चौथ्या फर्म्यात. तो पलीकडे गेलाय. काय झालं असेल असं तुला वाटतं?" मग तुम्ही दोघी मिळून त्या पोरीचं लग्न लावायचात किंवा मोडायचात.

हे सगळं मला माहीत होतं. मी तुझ्या शेजारी बसून ऐकलेलं होतं. म्हणून मला अजाणतेपणाची सबब नाही.

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला असताना विभागाच्या फळ्यावर सूचना लागली. जर्मनीतल्या एका विद्यापीठात एक सत्र शिकायची संधी, दोन जागा, आणि निवड झाली तर पुण्यातली एक संस्था प्रवासाचा खर्च देणार. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता विचारलंस, "किती दिवस?" मी म्हटलं, सहा महिने. "थंडी असते ना तिथं?" एवढंच. दुसऱ्या दिवशी तू मावशीकडून तिच्या भावाचा जुना स्वेटर मागून आणलास. अजून अर्जसुद्धा भरला नव्हता गं मी.

पुढचे दोन महिने अर्जात गेले. गुणपत्रिकांच्या प्रती साक्षांकित करून घेणं, पासपोर्टसाठी पोलीस घरी यायची वाट बघणं, सरांच्या मागे लागून शिफारसपत्र मिळवणं. सायबर कॅफेत बसून तिथले विषय आणि इथले विषय यांचा मेळ घालत मी कागद रंगवायचे. ते सगळं जमलं. अडलं ते एका निबंधाशी. मी कोण आहे, मला तिथे का शिकायचंय, हे दोन पानांत इंग्रजीत लिहायचं होतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं आणि इंग्रजी तपासून देणाऱ्या मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "व्याकरण बरोबर आहे. त्यापलीकडे काही आहे का यात? हे कोणीही लिहील. तुम्ही लिहायची गरज नव्हती."

मला ते फार लागलं. बसमध्ये बसल्या बसल्या मी तुझा विचार करायला लागले, आणि लक्ष्मीनारायणच्या चौकात बस सिग्नलला थांबलेली असताना मला ते वाक्य सुचलं. माझी आई जी पुस्तकं बांधते, ती तिला वाचता येत नाहीत. इंग्रजीत ते आणखी छान वाटत होतं. घरी पोचेपर्यंत त्याच्यामागे सगळा परिच्छेद तयार झाला. कागदावरून फिरणारी तुझी बोटं, अक्षरांना स्पर्श करूनही त्यांच्यापासून दूर राहिलेली तू, आणि तुझ्यासाठी शिकणारी मी. मॅडमनी वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "हे आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. त्यांना तो संकोच वाटला असेल.

अर्जाची एक प्रत जर्मनीला जायची होती, एक त्या संस्थेला. तू म्हणालीस, असे सुटे कागद कसे देतेस, मी बांधून देते. तू सुट्टीच्या दिवशी कारखान्याची किल्ली मागून घेतलीस. गडद निळं कापड निवडलंस, पुठ्ठा कापलास, कडा तासल्यास. मी समोर बसले होते. शिवायला घेण्याआधी तू सवयीप्रमाणे एकेक पान बघत होतीस. निबंधाच्या पानावर थांबलीस. इंग्रजी तुला अक्षर लावून वाचता यायचं, अर्थ कळायचा नाही. तू बोट ठेवून म्हणालीस, "मदर. म्हणजे आई ना? माझ्याबद्दल लिहिलंयस?"

मी म्हटलं, "हो, थोडंसं."

"काय लिहिलंस?"

"तू कष्ट करतेस, असं."

तू हसलीस. खूश झाली होतीस. "त्यात काय लिहायचं," म्हणालीस, आणि ते पान इतर पानांच्या मधोमध नीट बसवून सुई घातलीस.

माझी निवड झाली. संस्थेने छोटा कार्यक्रम ठेवला होता, भरदुपारी, एका सभागृहात. तू लग्नातली साडी नेसलीस आणि मावशीलाही सोबत घेतलंस. तुम्ही दोघी दुसऱ्या रांगेत बसला होतात. मला वाटलं होतं की हार, श्रीफळ, दोन भाषणं होतील आणि आपण घरी येऊ. पण संस्थेच्या कुणीतरी हौसेने माझ्या निबंधाचं मराठी केलं होतं, आणि ते माइकवर वाचायला सुरुवात झाली. मी व्यासपीठावर खुर्चीत होते. उठून जाता येत नव्हतं. "माझी आई जी पुस्तकं बांधते, ती तिला वाचता येत नाहीत." सभागृह अगदी शांत झालं. त्या शांततेत मावशीची कुजबूज मला वरपर्यंत ऐकू आली. "अगं, तुला तर येतं ना वाचता?" आणि तुझा आवाज, "गप बस."

मग तुला वर बोलावलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पालकांच्या संमतीचा कागद टेबलावर होता. तू पदर सावरलास आणि पेनासाठी हात पुढे केलास. ते अध्यक्ष भले गृहस्थ होते, त्यांचा काही दोष नाही. ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, आपण त्रास घेऊ नका. अहो, जरा स्टॅम्प पॅड आणा इकडे." तू माझ्याकडे बघितलंस. एक क्षणभरच. मी तेवढ्यात म्हणू शकले असते, माझ्या आईला सही येते. चार शब्द होते. मी टेबलावरच्या फुलांकडे बघितलं. तू पुढे केलेला हात तसाच वळवलास आणि अंगठा त्यांच्या हातात दिलास. त्यांनी तो धरून शाईवर टेकवला आणि कागदावर दाबला. लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले.

बसमध्ये तू खिडकीशी बसलीस आणि अंगठा मुठीत धरलास. मावशी वाटेतच उतरून गेली, माझ्याशी न बोलता. घरी आल्यावर तू साडी बदललीस, घडी घालून ठेवलीस, चहा टाकलास. पुण्यात इतकी वर्षं राहून तुझी भाषा शहरी झाली होती, पण फार आतून बोलायची वेळ आली की तुझं वऱ्हाडी वर यायचं. कप माझ्यासमोर ठेवून तू विचारलंस, "मले वाचता येते असं लिवलं असतं, तर तुले नसतं का धाडलं त्यांनी?"

मी म्हटलं, "आई, तसं लिहावं लागतं. सगळेच थोडं वाढवून लिहितात."

"वाढवून?" तू म्हणालीस. "तू त कमी करून लिवलं."

तू पुन्हा तो विषय काढला नाहीस. चिवडा केलास, लोणचं तीन पिशव्यांत बांधून दिलंस, विमानतळावर जाणाऱ्या बसपाशी माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. तिथे गेल्यावर मी वाट बघत होते, कारण मामाकडे गेले तरी तुझं पोस्टकार्ड यायचं. सहा महिन्यांत एक ओळ आली नाही. शेजाऱ्यांच्या फोनवर तू यायचीस तेव्हा एकदा मी विचारलं, "पत्र का नाही लिहीत?" तू म्हणालीस, "मला कुठे लिहिता येतं?" आणि लगेच विचारलंस, जेवलीस का. मी त्या थंड गावातल्या बूथमध्ये रिसीव्हर धरून उभी राहिले. काच धुरकट झाली होती. तो टोमणा होता की तू खरंच जपून बोलत होतीस, शेजारी ऐकत असतील म्हणून, हे मला आजही कळलेलं नाही.

परत आले, त्या सत्राच्या जोरावर नोकरी मिळाली. संस्थेची माणसं एकदा घरी भेटायला आली होती, आठवतं? तू खाटेवर बसून वाचत होतीस. जिन्यात त्यांचा आवाज आला आणि तू पुस्तक झटकन गादीखाली सरकवलंस, चोरीची वस्तू लपवावी तसं. ती माणसं तुझ्याशी अगदी सोपं, सावकाश बोलत होती. तू मान हलवत होतीस. माझ्यासाठी तू ते नाटक शेवटपर्यंत निभावलंस, आणि मी ते तुला निभावू दिलं.

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ मी स्वतःला समजावलं असतं. पण ते वाक्य फार चालायचं गं. नोकरीच्या मुलाखतीत चाललं. लग्न ठरताना सासरी चाललं. खराडीच्या ऑफिसात महिला दिनाला मला बोलायला लावलं, तिथेही मी तेच सांगितलं आणि मुली रडल्या. नवऱ्यालाही मी खरं सांगितलेलं नाही. तू होतीस तोवर मनात होतं की एकदा निवांत बसून तुझ्याशी बोलेन, माफी मागेन. तू एका सकाळी कारखान्यात कोसळलीस आणि मी ऑफिसातून निघून वाहतुकीतून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मावशी दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "मला आता कोण वाचून दाखवणार?" माझ्याकडे बघून म्हणाली की सहजच, कोण जाणे.

माझी लेक तेव्हा तीन वर्षांची होती. तू तिला मांडीवर घेऊन चित्रांच्या पुस्तकातल्या गोष्टी वाचून दाखवायचीस. तिला त्यातलं काही आठवत नाही. आता ती एकोणीस वर्षांची आहे, डिझाइन शिकते, आणि एका सत्रासाठी नेदरलँड्सला जायचा अर्ज भरते आहे. वारज्याच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर आठवडाभर तिचा लॅपटॉप आणि कागद पसरलेले आहेत. काल संध्याकाळी तिने मला हाक मारली. "मम्मा, माझं एसओपी वाच ना. ओपनिंग भारी झालंय." एसओपी म्हणजे मी कोण, मला तिथे का शिकायचंय, तोच तो निबंध.

पहिल्याच ओळीत तू होतीस. वाचता न येणारी पुस्तकं बांधणारी आजी. मजकुराशेजारी तिने तुझा हात काढलाय, कागदावर ठेवलेला, फार सुंदर काढलाय. म्हणाली, "आज्जीची स्टोरी इज सो पॉवरफुल. तू काही फॅक्ट्स चेक कर ना, चुकीचं काही जायला नको."

मी दोनदा वाचलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "छान लिहिलंयस. तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम हवा." तिने तो टाकला.

आई, हे पत्र खरं म्हणजे तिच्या हातात द्यायला हवं. तिला मराठी वाचायला जरा वेळ लागतो, पण येतं. अर्जाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, आज बुधवार. दोन दिवस आहेत अजून. पण तुझ्याशी आता खोटं बोलत नाही. ती कधी एकदा तो अर्ज पाठवून टाकते, याची मी वाट बघते आहे.