काचेवरचा अंगठा

३ नोव्हेंबर १९८६
नोकरीचा पहिला दिवस! गिरणी बंद पडल्यापासून बाबा मुलुंडला एका सोसायटीत वॉचमन आहेत. आज सकाळी त्यांनी अख्ख्या चाळीला सांगितलं, आमची सुलक्षणा कॅन्सरवर संशोधन करणार. खरं तर मी भांडुपच्या एका जुन्या बंगलीतल्या दोन खोल्यांत बसून पेशी मोजणार आहे. पण आमच्या घरातली पहिली पदवी माझी. त्यांची चूक दुरुस्त करायचा मला धीर झाला नाही.

डॉ. पद्मजाबाईंनी सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. गालाच्या आतली पेशी म्हणजे फिकट चादर, तिच्या मधोमध गडद केंद्रक. गुणसूत्र तुटलं की त्याचा तुकडा मागे राहतो आणि केंद्रकाशेजारी छोटा ठिपका होऊन बसतो. हजार पेशींत असे किती, ते मोजायचं. मशेरी लावणाऱ्या बायकांत ते जास्त असतील, तर धोका गाठ यायच्या कितीतरी आधी कळेल. माझी आईही रोज भाजलेली तंबाखू दातांना घासते. किती जणींना वेळेत सांगता येईल!

एकच नियम आहे. काच कोणाची ते मोजणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर डोळा फसवतो. बाई काचांना नंबर देतात. नावांची वही त्यांच्या कपाटात. तीनशे काचा मोजून झाल्या की मार्चमध्ये उघडायची.

१२ नोव्हेंबर
कांजूर गावात कोळणींचे नमुने घेतले. लाकडी पट्टीने गाल आतून खरवडायचा आणि निघेल ते काचेवर पसरायचं. अंजनाबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा. मला म्हणाल्या, "तू डाक्टरीण गो? तुझे तर अजून दुधाचे दात!" त्यांची सून कमळ पदर तोंडाला लावून हसत होती.

काचेवर नाव नाही, नंबर असतो, हे कळल्यावर मात्र अंजनाबाईंचं बिनसलं. नंबरला कोण हाक मारणार, म्हणाल्या. आणि मशेरीने काळा झालेला अंगठा काचेच्या कोपऱ्यावर दाबला. "ही माझी सही. आता कशी विसरशील?"

निघताना हळूच बोलल्या, तिखट खाल्लं की गालात आग होते. मी म्हटलं, तपासून सांगायला येईन.

बंगलीत आल्यावर तो अंगठा मी स्पिरिटने पुसला. खूण राहिली तर मोजणी खोटी ठरेल.

१ डिसेंबर
बाकीच्या काचांत ठिपके तीन, चार, फार तर सहा. एकतीस नंबरमध्ये सत्तावीस.

तिच्या कोपऱ्यावर काळा अंगठा आहे.

आमचा तंत्रज्ञ शिवदास म्हणतो, तो रंगाचा डाग. पुन्हा पुसला.

४ डिसेंबर
अंगठा परत आलाय. ठिपके चाळीस. काचेवरची पेशी मेलेली असते, तिच्यात नवं काही तुटत नाही. शिवदासने मोजले तर सत्तावीसच. म्हणाला, मॅडम, चष्मा तरी लावा नाहीतर लग्न तरी करा.

काच कोणाची वाटते ते बाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ठिपके म्हणजे रोग नव्हे, म्हणाल्या; डागावरून कोणाला घाबरवू नये, मार्चमध्ये वही उघडेलच. पटलं मला. पटवून घेतलं.

कांजूर इथून चालत अर्ध्या तासावर आहे.

२० जानेवारी १९८७
एकसष्ट. दुपारी खोलीत मशेरी भाजल्याचा वास. बाईंना येत नाही, शिवदासला येत नाही. मी खिडक्या उघडल्या. वास बाहेरून येत नव्हता.

९ मार्च
वही उघडली. एकतीस — अंजनाबाई.

धावत गेले. कमळ दारातच होती. सासू जाऊन आठ दिवस झाले. शेवटी तोंड एक बोट उघडायचं, पेज सुद्धा जाईना. तरी विचारायच्या, दुधाच्या दातांची पोर आली का गो?

कमळने मला दोष दिला नाही. द्यायला हवा होता.

११ मार्च
स्वतःचा गाल खरवडला. मी मशेरीला कधी हातही लावलेला नाही. काचेवर नंबर टाकला नाही, नाव लिहिलं — सुलक्षणा.

सत्तावीस.

१३ मार्च
चाळीस. शिवदास म्हणतो एकही नाही. कोपऱ्यावर अंगठा — मी पुसत नाही, पुसणार नाही —

आई विचारते, तुझा अंगठा काळा कशाने? साबणाने जात नाही.

१४ मार्च
एकतीस नंबर स्वच्छ. एकही ठिपका नाही. काचेवर तिचं नाव कोरलं. मोठ्याने हाक मारली, अंजनाबाई, मी आले —

ओ आली. माझ्याच तोंडातून.

माझी काच — नाव पुसलंय. स्पिरिटचा वास. तिथे नुसतं ३१ —

सोमवार
भाकरीचा घास जात नाही. एक बोट. फक्त एक —

आई दारातून कोणाला तरी हाक मारतेय. नाव ओळखीचं वाटतं. कोणाचं ते —

लिहून ठेवायला हवं. बाबा, माझं नाव सु