पांढऱ्या थराच्या वर

बाबा, पिंजौर गावामागची आपली टेकडी आता अर्धीच उरली आहे. रस्त्यासाठी कापली. परवा बसमधून जाताना कापलेल्या अंगात तो पांढरा थर दिसला आणि माझ्या दाताखाली कचकच आली. सवय तुम्हीच लावलेली. दगड हाती आला की आधी जिभेला लावायचा. चिकटला तर जुनं हाड, दातात कचकचला तर ज्वालामुखीची राख. लहानपणी पहिल्यांदा राख चाखून घरी आले, तेव्हा आईनं माझं तोंड पाहिलं आणि पोळी तव्यावर करपत ठेवून तुम्हाला फैलावर घेतलं, की लोक मराठी मुलूख सोडून एवढ्या लांब येऊन आपल्या पोरींना शिकवतात आणि तुम्ही माती खायला लावता. तुम्ही हसलात, तिच्या परातीतला कणकेचा गोळा उचललात आणि दिव्यासमोर तिरका धरून फिरवत सांगू लागलात. पृथ्वी अशी जराशी कलते, तिची वाट जराशी बदलते, आणि बर्फाची युगं येतात नि जातात. कधी ज्वालामुखी फुटतो, सूर्य झाकोळतो, सगळं गारठतं. "पण राख खाली बसते, बाळा. पृथ्वी सावरते."

तुम्ही न पाहिलेली तुमची नात सध्या खिडकीपाशी वाफेचा मास्क लावून बसते. दिवाळीनंतर आमच्या सेक्टरातल्या घरांवर धूर उतरतो आणि समोरची गच्चीही दिसत नाही. डॉक्टर नागपूरचे आहेत, मराठीत बोलतात, त्यामुळे वाईट बातमी जास्तच लागते. फुप्फुसं पूर्ववत होणार नाहीत म्हणाले, हिला इथून हलवा. नोकरी इथे, घर इथे, कुठे हलवू? हा धूर कुठल्या ज्वालामुखीचा नाही, बाबा, आपलाच आहे. मला तुमचा राग येतो. लाखो वर्षांच्या गोष्टी सांगून तुम्ही मला निर्धास्त करून ठेवलंत.

काल तिनं मास्क बाजूला केला. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. "आई, ये धुआँ भी बैठ जाएगा ना? उस पहाड़ी वाली राख जैसे?"

मी हो म्हटलं.

पाणघोड्याचा तो दात आपल्याला थराच्या खाली मिळाला होता, आठवतं? थराच्या वर दिवसभर शोधूनही काही मिळालं नाही. मी कारण विचारलं, तेव्हा तुम्ही हातोडी पुसत म्हणालात, सावरते ती पृथ्वी, तिच्यावरचे सगळेच नाही. एवढं मात्र मी तिला सांगितलेलं नाही.