मी मोकळं सोडलेलं चाकातलं पाणी

लष्कर, ग्वाल्हेर

आदरणीय व्याही विश्वासराव यांस,

बळवंताचा नमस्कार, या खेपेस नेहमीपेक्षा बराच खाली वाकून. आपली कंबर कशी आहे? विहीणबाईंचा राग कसा आहे? कमरेला शेक देत असालच; रागाला काय देतात, ते कळवावं.

आपल्या ड्रायव्हरनं, दौलतसिंहानं, ट्रॅक्टरबद्दल सांगितलं ते सगळं खरं आहे, फक्त त्यात माझ्या मनाची बाजू नाही. आपल्या ओसरीच्या फरशा भरून तो आमच्या अंगणात आला, तेव्हा मागच्या मोठ्या चाकांतून खळखळ ऐकू आली. मी विचारलं. तो म्हणाला, "काका साब, पानी भरवाया है, वज़न के लिए. नहीं तो चढ़ाई पे पहिया पकड़ता नहीं." पण 'पानी भरवाया है' एवढं कानावर पडताच मी चौथीच्या वर्गात पोचलो होतो, आणि पुढचं वाक्य तिथं ऐकू येत नाही. (झऱ्याची कविता मी इन्स्पेक्टरसाहेबांपुढे न अडखळता म्हटली होती. अडवलेलं पाणी रडतं, असं गुरुजी सांगत.) दौलतसिंह बाड्याच्या चौकात चहाला गेला आणि मी कोपऱ्यावरचा पंक्चरवाला बोलावला. तोही म्हणाला, "बाबूजी, ये तो जानकर भरते हैं." मी म्हटलं, तू काढ. पाणी मुळ्यांच्या वाफ्यात गेलं, चाकांत हवा भरली गेली. कविता चार वेळा म्हणून झाली तेव्हा कुठे दुसरं चाक रिकामं झालं. इतका आनंद मला पेन्शन सुरू झाली तेव्हाही झाला नव्हता.

मग आपल्या दोघांच्या नातीला, प्रांजलीला, दिवाळीसाठी आणायला मी त्याच ट्रॅक्टरवर बसून निघालो. आपल्या गावच्या नाल्याच्या चढावर चाकं जागीच गरगरू लागली आणि फरशांची ट्रॉली आम्हाला मागे ओढत सावकाश नाल्यात उतरली. (इतकी सावकाश, की दोन कडवी झाली असती. म्हटली नाहीत.) दौलतसिंहानं चाकावर थाप मारली, कान लावला. "काका साब, पानी कहाँ गया?" मी म्हटलं, "मूली में." त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

चिखलानं माखून मी आपल्या दारात उभा होतो, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "ज्यांना चाकातल्या पाण्याची दया येते, त्यांच्याकडे माझी नात नको." त्यांचं चुकलं नाही. परतताना टेम्पोत, घराजवळ इंदरगंजला उतरेपर्यंत, मी शेजारची जागा धरून ठेवली होती. दरवर्षीची सवय.

आपला अपराधी,
बळवंत

ता. क. मुळे पाठवतो आहे. रबराचा थोडा वास येतो, पण मनापासून उगवले आहेत.

पुन्हा ता. क. खरं म्हणजे एवढंच लिहायचं होतं: प्रांजलीला चार दिवस तरी पाठवा.

आणखी एक. फोनवर मी तिला माझी बाजू समजावली. ती म्हणाली, "आजोबा, पाणी क़ैद में कहाँ था? वो तो रोज घूमने जाता था." आपल्या शेतापासून लष्करपर्यंत हिंडणारं पाणी मी मुळ्यांत नेऊन बसवलं, हे या वयात कळलं. तिला पाठवायचं नसेल तर मलाच बोलवा. चाकांत पाणी भरलंत की त्याच ट्रॅक्टरवर येईन. कविता पोचल्यावर म्हणेन.